खारी हवा, तांबडी धूळ आणि व्हॅक्यूम क्लीनर

किनाऱ्याजवळच्या घरासाठी व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा तर पहिला विचार ओलीचा करावा लागतो, धुळीचा नंतर. घाटावरच्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षं बिनतक्रार चालणारं यंत्र देवगड-मालवणकडे आलं की दोन पावसाळ्यांत कुबट वास मारायला लागतं. ओढ कमी होते, प्लगच्या पितळी पिना हिरव्या पडतात, झाकणाच्या क्लिपा गंजतात. आमचं घर देवगड तालुक्यात. भिंती चिऱ्याच्या, वर कौलं, पुढे पडवी, मध्ये माजघर आणि मागे नंतर वाढवलेल्या दोन टाइल बसवलेल्या खोल्या. अशा घरासाठी यंत्र निवडताना, घेताना आणि सांभाळताना जे समजत गेलं ते इथे लिहीत आहे.

मिठाचा एक गुण आधी सांगायला हवा, कारण पुढचं बरंचसं त्यावरच उभं आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून आपणहून विरघळू लागतं. स्वयंपाकघरातल्या बरणीत जुलैत मिठाला पाणी सुटतं, तेच यंत्राच्या स्क्रूवर आणि पिनांवर घडतं. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यातून बसलेला खारट थर डोळ्यांना दिसत नाही, पण पावसाळाभर तो ओलाच असतो आणि ओलं मीठ लोखंड खातं. किनाऱ्यावरून पायाला लागून आलेली वाळूही अशीच. टाकीत गोळा झालेली ती वाळू कोरडी वाटते, पण दोन दिवसांनी झाकण उघडलं तर तिचा चिखलासारखा गोळा झालेला असतो.

धुळीचेही प्रकार आहेत. जांभ्याची तांबडी धूळ फार बारीक, ती फिल्टरच्या घड्यांत घुसून बसते. त्याखेरीज माळ्यावरची काजळी, नारळाच्या सोडणाचे तंतू, वाशांना भुंगेरा लागला असेल तर खाली पडणारं पिठासारखं लाकूड, आणि आंब्याच्या दिवसांत पेट्या भरताना घरभर होणारा पेंढा. हे सगळं एकाच नळीतून जायचं असतं. त्यामुळे निवडताना नळीचा व्यास मोठा बघावा. आतून ३२ मिलिमीटरच्या खाली जाऊ नये, ३५ मिळाला तर उत्तम. पेंढ्याची काडी लांब असते. अरुंद नळीच्या कोपऱ्यावर ती आडवी होते आणि मागचं सगळं तिला येऊन अडकतं.

आता वॅटबद्दल. दुकानात पहिला आकडा तोच सांगतात, १४०० किंवा १६०० वॅट. हा आकडा मोटर किती वीज घेते एवढंच सांगतो, कचरा किती ओढते ते सांगत नाही. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१४ पासून घरगुती कोरड्या यंत्रांवर १६०० वॅटची आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटची मर्यादा घातली. तिथली घरं त्यामुळे घाण राहिली नाहीत, कारण हवेची वाट आणि तोंडाची रचना चांगली असेल तर कमी वॅटमध्येही तेवढीच सफाई होते. किलोपास्कलमध्ये दिलेला ओढीचा आकडाही अर्धाच उपयोगाचा. तो नळीचं तोंड पूर्ण बंद असताना मोजतात. प्रत्यक्षात वाळू उचलायला वेगाने वाहणारी हवा लागते, आणि ती नळीचा व्यास, फिल्टरचं क्षेत्रफळ आणि सांध्यांचा घट्टपणा यांवर ठरते. म्हणून दोन यंत्रांत निवड करायची असेल तर ज्याचा फिल्टर मोठा आणि सहज निघणारा, ते घ्यावं.

वॅटचा खरा उपयोग वायरिंग तपासायला. २३० व्होल्टवर १४०० वॅट म्हणजे सहा अँपिअरहून थोडं जास्त, १६०० म्हणजे जवळपास सात. जुन्या घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर ही यंत्रं चालवली की पिना तापतात, सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडतं. इस्त्रीसाठी किंवा फ्रिजसाठी काढलेला १६ अँपिअरचा पॉइंट वापरावा. यंत्राची वायर बहुधा चार-पाच मीटरच असते, ती माजघरातून पडवीपर्यंत पोचत नाही. त्यासाठी एक्स्टेन्शन लागतंच, पण ते १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचं आणि १६ अँपिअरच्या प्लगचं करून घ्यावं. बाजारात लोंबणारं बारीक वायरचं एक्स्टेन्शन यासाठी चालत नाही. आणि वापरताना त्याची वेटोळी पूर्ण सोडावी. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता आतच कोंडते आणि आवरण मऊ पडतं.

संध्याकाळी गावात व्होल्टेज उतरतं तेव्हा यंत्र मंद चालतं. १९० व्होल्टला मोटरची ताकद साधारण दोन तृतीयांशावर येते. यात बिघाड काही नाही. या मोटरीला कमी व्होल्टेजने फ्रिजच्या कॉम्प्रेसरसारखा त्रासही होत नाही, काम सकाळी करावं एवढंच. घरगुती इन्व्हर्टरवर मात्र हे यंत्र लावू नये, तो एवढा भार घेऊच शकत नाही.

यंत्रांचे प्रकार अनेक, पण आपल्या घरांसाठी विचार दोन-तीनच करायचे. कापडी किंवा कागदी पिशवीचं छोटं यंत्र स्वस्त असतं. पावसात ती पिशवी ओल धरते, धूळ तिच्या आतल्या बाजूला लिंपली जाते आणि वास सुरू होतो. पारदर्शक डब्याचं, हवा गरगर फिरवून धूळ वेगळी करणारं यंत्र शहरी फ्लॅटला छान आहे. ते रत्नागिरीतल्या बंद फ्लॅटमध्येही चालेल. पण त्याच्या मोटरीला थंड ठेवणारी हवा ही ओढून घेतलेलीच हवा असते. फिल्टर तुंबला की मोटरीला वारा मिळत नाही, ती तापते आणि आतला कटआउट यंत्र बंद पाडतो. ओलं काही तर त्यात जाताच कामा नये.

तिसरा प्रकार टाकीचा, ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा. मोटर वरच्या डोक्यात, खाली टाकी. मोटरीला थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते आणि ओढलेली हवा वेगळ्या वाटेने जाते. कोकणातल्या घराला हेच यंत्र योग्य, असं माझं ठाम मत आहे. पडवीत झड आली की पाणी ओढता येतं, कोकमाचं सरबत सांडलं तरी चालतं, आणि टाकी धुवून पालथी घालता येते. यंत्र अवजड असतं आणि आवाज मोठा असतो, हे खरं. १५ लिटरची टाकी एका कुटुंबाला पुरते. टाकी प्लास्टिकची घ्यावी. स्टीलची टाकी दिसायला दणकट असते, पण तिच्या क्लिपा, रिव्हेट आणि चाकांचे आस साध्या लोखंडाचे असतात आणि गंज तिथूनच सुरू होतो. तळाला पाणी सोडायचं बूच असेल तर भरलेली टाकी उचलून ओतण्याची कंबरतोड वाचते. लांब दांडाही प्लास्टिकचाच बघावा. सरकणारा चकचकीत धातूचा दांडा वर्षभरात आतून गंजून एकमेकांत आवळतो, मग तो लांबही होत नाही आणि आखूडही.

बिनवायरचं काठीसारखं यंत्र रोजच्या वरवरच्या केराला हलकं पडतं. पूर्ण जोरावर ते जेमतेम दहा-पंधरा मिनिटं टिकतं, आणि बॅटरी बदलायची वेळ आली की खर्च मोठा. दुसरं यंत्र म्हणून चालेल. यंत्रमानव, म्हणजे आपोआप फिरणारी तबकडी, आपल्या घरांत अडते ती उंबरठ्याला. ती दोन सेंटिमीटरच्या आसपासची उंची चढते आणि माजघराचा उंबरठा त्याहून कितीतरी उंच असतो. शिवाय खाली खड्डा आहे का हे ती जमिनीवरून परत येणाऱ्या अवरक्त किरणांवरून ओळखते. काळा कडप्पा ते किरण शोषून घेतो, म्हणून काळ्या फरशीच्या काठावर येऊन ती थबकते किंवा मागे फिरते.

दुकानात करायच्या चाचण्या

कणकवलीत किंवा रत्नागिरीत दुकानात जाऊन यंत्र हाताळून घेतलेलं बरं. चालू करून दाखवतील, आवाजाने छाती दडपेल, त्यावर जाऊ नये. सोबत दोन पुड्या न्याव्या. एकीत मूठभर समुद्राची वाळू, दुसरीत चमचाभर रांगोळी. वाळू फरशीच्या सांध्यात पसरून तोंडाच्या एका फेरीत किती उचलली जाते ते बघावं. मग रांगोळी ओढावी आणि त्याच वेळी यंत्राच्या मागच्या जाळीजवळ मोबाइलचा टॉर्च आडवा धरावा. फिल्टर नीट बसत नसेल तर प्रकाशाच्या झोतात पांढरी भुकटी उडताना दिसते. रांगोळी दगडाची बारीक पूड आहे, ती कुठूनही निसटते, म्हणून परीक्षेला ती चांगली. घरात मात्र रांगोळी, सिमेंट, चुलीची राख यंत्राने ओढू नये. फिल्टर एका दमात बसतो. कोमट राखेत आत निखारा असू शकतो, तो फिल्टर जाळतो.

त्यानंतर दुकानदाराला सांगायचं, "दादा, फिल्टर काढून पुन्हा बसवून दाखवा." त्याला जमायला वेळ लागला तर घरी आपल्यालाही लागणार. झाकणाभोवतीचा रबर बोटाने दाबून बघावा, तो मऊ हवा आणि खाचेत सलग बसलेला हवा. नळीची दोन्ही टोकं फिरवून सुटतात की चिकटवलेली आहेत, हेही बघावं. सुटणारी घ्यावी, नाहीतर नळी एका टोकाला चिरली की अख्खी बदलावी लागते.

आता फिल्टर. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी किमान ९९.९७ टक्के अडवणारा. "हेपासारखा" किंवा "हेपा टाइप" लिहिलेलं असेल तर त्यात हा शब्द पाळला जाईलच असं नाही. घरात दमा किंवा सर्दीचा त्रास असलेलं माणूस असेल तर खरा हेपा घ्यावा, कारण किनाऱ्यावरची दमट हवा गादीतल्या धुळीच्या किड्यांना फार मानवते. पण खरा हेपा असूनही त्याभोवतीचा रबर सैल असेल तर हवा बाजूने निसटते आणि पैसे वाया जातात. धुता येणारा फिल्टर आहे का, हे खोक्यावर वाचावं. कागदी हेपा पाण्यात घातला की संपला.

बिल करण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या. फिल्टर आणि कार्बन ब्रश (मोटरीतल्या झिजणाऱ्या काळ्या कांड्या) सुटे मिळतात का, आणि दुरुस्तीचं केंद्र नेमकं कुठे आहे. तालुक्यात कुणी नसेल आणि यंत्र थेट कोल्हापूरला पाठवावं लागणार असेल तर त्याच दमाचं दुसरं, जवळ दुरुस्त होणारं यंत्र बघावं. ऑनलाइन घेताना पिनकोड टाकून हीच खात्री करता येते. आणि पहिल्याच दिवशी एक जादा फिल्टर घ्यावा. दोन फिल्टर नसतील तर पावसाळ्यात यंत्र असूनही नसल्यासारखं होतं. का ते पुढे येईल.

वापर

शेणाने सारवलेल्या जमिनीवर यंत्र फिरवू नये. वरचा पापुद्राच उचलला जातो आणि टाकी त्यानेच भरते. तिथे केरसुणीच हवी. गिलावा न केलेल्या चिऱ्याच्या भिंतीवरही तेच; चिरा कण सोडत राहतो, जितकं ओढाल तितकं तांबडं येत राहतं. भिंत मऊ कुंच्याने झटकावी आणि खाली पडलेलं ओढावं. शहाबादी, कोबा आणि टाइल यांवर यंत्राचं खरं काम. टाइलच्या सांध्यांतली वाळू केरसुणी नुसती इकडची तिकडे करते. ती वाळू पायाखाली घासली जाऊन टाइलची चकाकी मारते, म्हणून समुद्रावरून मुलं आली की सांधे ओढून घ्यावे.

तोंड सावकाश फिरवावं. मीटरभर पट्टा चार-पाच सेकंदांत, जाताना आणि येताना. भरभर फिरवलं तर वरची धूळ जाते आणि जड वाळू तशीच राहते. फर्निचरला गोल, लांब केसांचा ब्रश; खिडकीच्या सरकत्या चौकटीच्या खाचेला चपटी चोच. या खाचांमध्ये मीठ आणि वाळू मिळून थर जमतो, तो आधी जुन्या टूथब्रशने सोडवावा, मग ओढावा.

कौलारू छपराखालची कोळिष्टकं थेट यंत्राने काढायला गेलं तर ब्रशच्या केसांना चिकटून त्याची गुंडाळी होते. आधी काठीला केरसुणी बांधून ती खाली पाडावी. यंत्राला काम द्यावं ते तुळयांच्या वरच्या बाजूला, माळ्याच्या फळ्यांच्या फटींत, कोरीव खांबांच्या नक्षीत. भुंगेऱ्याचा भुसा वाशाखाली पडलेला असेल तर तो पूर्ण ओढून जागा लख्ख करावी आणि आठवड्याने पुन्हा बघावं. नवा भुसा पडला असेल तर कीड अजून जिवंत आहे आणि औषध लागेल. नसेल तर तो जुनाच साठा खाली झडत होता. झाडूने हे कळत नाही, कारण फटीत उरलेला भुसा दुसऱ्या दिवशी पुन्हा पडतो.

गाद्यांसाठी सर्वांत चांगले दिवस चैत्र-वैशाखाचे. कापसाची गादी दोन्ही बाजूंनी कडक उन्हात चार-पाच तास तापवावी, संध्याकाळी काठीने झोडून मग रुंद तोंडाने ओढावी, शिवणीच्या कडा चोचीने. यंत्र आतले जिवंत किडे काढत नाही, ते तंतूंना धरून बसतात. यंत्र काढतं ती त्यांची विष्ठा आणि मृत अंगाची पूड, आणि खरा त्रास त्याचाच. चादरी-अभ्रे ६० अंश पाण्यात धुतले तर किडे मरतात. काथ्याच्या गादीतून तपकिरी पूड कितीही वेळा ओढली तरी येतच राहते. तो काथ्या झिजतोय, मळ नाही.

गणपतीच्या आधी वर्षभर बंद असलेलं घर उघडतात तेव्हा यंत्र लगेच लावू नये. अशा घरात क्रम महत्त्वाचा. दारं-खिडक्या उघडून अर्धा दिवस वारा खेळू द्यावा. उंदरांच्या लेंड्या असतील तर त्या झाडू नयेत आणि यंत्रानेही ओढू नयेत, त्यातले जंतू हवेत उडतात. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं द्रावण शिंपडून पाच मिनिटं भिजू द्यावं, हातमोजे घालून कागदाने उचलावं, मग जागा पुसावी. कपाटांवर आलेली हिरवी-काळी बुरशीही आधी ओल्या फडक्याने पुसायची. हेपा नसलेल्या यंत्राने ती कोरडी ओढली तर बीजाणू पुढून आत आणि मागून बाहेर, सगळ्या खोलीभर. हे झालं की वरून खाली यावं: तुळया, फळ्या, भिंती, कपाटं, शेवटी जमीन. धुतलेल्या जमिनीवरचं पाणी ओढायचं काम सर्वांत शेवटी.

ओलं ओढायच्या आधी कोरडा फिल्टर काढावा आणि स्पंजाचं आवरण चढवावं. हे विसरलं तर कागदी फिल्टर लगद्यासारखा होतो. टाकी भरत आली की आतला तरंगता चेंडू वर येऊन हवेची वाट बंद करतो. ओढ एकदम थांबते आणि मोटरीचा सूर चढतो. तेव्हा लगेच बंद करून टाकी रिकामी करावी. १५ लिटरच्या टाकीत चेंडू नऊ-दहा लिटरलाच वर येतो, हे धरून चालावं. साबणाचं पाणी ओढताना फेसाला चेंडू अडवू शकत नाही. फेस वर चढून थेट मोटरीत जातो. फरशीला साबण कमी घ्यावा आणि फेस दिसला तर साधं पाणी शिंपडून तो मोडून मग ओढावं.

काम संपलं की टाकी धुऊन, नळी जोडून, फिल्टरशिवाय पाच मिनिटं रिकामं यंत्र चालवावं. नळीच्या आतल्या वळ्यांमध्ये साचलेलं पाणी यानेच निघतं. नुसती टांगून ठेवलेली नळी आतून आठवडाभर ओली राहते, आणि पुढच्या वेळी कोरडी धूळ त्या ओलीला चिकटून आत चिखलाचं अस्तर तयार होतं.

पावसाळ्यातली निगा

उन्हाळ्यात टाकी दोन-चार वापरांनी रिकामी केली तरी चालतं. जून लागला की त्याच दिवशी. केस, कातडीची पूड, अन्नाचे कण आणि ओल एकत्र आली की बुरशी धरायला दोन दिवस पुरतात.

फिल्टर घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून टाकीच्या काठावर हलकेच आपटावा. धुण्याजोगा असेल तर साध्या पाण्याखाली, स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे धार सोडावी. साबण नको, ब्रश नको, पिळणं तर नकोच. वाळायला माहितीपत्रकात २४ तास लिहिलेले असतात, ते कोरड्या हवेचे. आषाढात पंख्याखालीही दोन-तीन दिवस धरावे. घड्यांच्या बुडाशी बोट लावून गारवा लागला तर तो अजून ओला आहे. ओला फिल्टर बसवला की धूळ त्यावर लेप होऊन बसते आणि तो लेप नंतर धुऊनही निघत नाही. म्हणूनच दोन फिल्टर. एक वापरात, एक वाळत. हेअर ड्रायरने किंवा चुलीवर टांगून वाळवू नये; गोंद सुटतो, चुलीवर काजळीही धरते.

यंत्र पडवीत ठेवू नये. माजघरात, भिंतीपासून वीतभर लांब, लाकडी पाटावर ठेवावं. झाकणाची क्लिप न लावता ते नुसतं टेकवून ठेवावं, म्हणजे रबरही चेपत नाही आणि आत हवा खेळते. प्लगच्या पिना महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने, हिरवट झाल्या असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासाव्या. उघड्या स्क्रूंना आणि क्लिपांना शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात. रबराला तेल लावू नये, तो फुगतो. पंधरा दिवसांत एकदा, काम नसलं तरी, यंत्र पाच मिनिटं चालवावं. मोटरीच्या उबेने तिच्या वेटोळ्यांतली ओल उडते.

नळीची दोन्ही तोंडं जुन्या फडक्याचे बोळे घालून बंद ठेवावी. कारण कुंभारीण. ही माशी अशाच नळकांड्यांच्या शोधात असते. ओल्या मातीच्या गोळ्या आणून ती आत एकाला एक लागून खोल्या बांधते, प्रत्येकीत बेशुद्ध केलेला कोळी ठेवते आणि तोंड लिंपते. ती माती सुकली की दगडासारखी होते आणि नळी आतून पूर्ण बंद. घर सहा महिने बंद राहणार असेल तर यंत्र पूर्ण वाळवून, टाकीत पावशेर सिलिका जेल ठेवून, डोकं आणि टाकी मिळून एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधावं. उंदीर नळी कुरतडतात, म्हणून ती वेगळी, खुंटीला मोठ्या वळणाने टांगावी.

बिघाड

ओढ कमी झाली की बहुतेक जण मोटर गेली म्हणतात. मोटर शेवटची तपासायची. आधी टाकी, मग फिल्टर, मग तोंडाच्या ब्रशात गुंतलेले केस, मग नळी. नळी उभी धरून वरून गोटी सोडावी; खाली आली नाही तर ती जिथे थांबली तिथे बोळा आहे. झावळीचा हीर किंवा तार घालून टोचू नये, नळीला भोक पडलं तर कायमची गळती. यंत्राला हवा बाहेर फेकायचं तोंड असेल तर नळी तिथे जोडून बोळा उलट बाहेर उडवावा, अंगणात, समोर कुणी नसताना. एवढं करूनही ओढ येत नसेल तर झाकणाचा रबर: चालू यंत्राच्या सांध्यापाशी कागदाचा कपटा धरून फिरवावा, जिथे तो ओढला जाईल तिथून हवा आत जाते.

मोटरीचा सूर बरंच काही सांगतो. हवेची वाट बंद झाली की मोटरीवरचा भार कमी होतो आणि ती जास्त वेगाने फिरते, म्हणून आवाज बारीक आणि चढा होतो. म्हणजे चढा सूर हा तुंबल्याचा. सूर खाली आला, अडखळला, जळका वास आला तर व्होल्टेज किंवा कार्बन.

कार्बन ब्रश हे झिजण्यासाठीच असलेले भाग. डोकं उघडल्यावर मोटरीच्या दोन बाजूंना स्प्रिंगने दाबलेल्या काळ्या कांड्या दिसतात. पाव लांबी उरली की दोन्ही एकदम बदलाव्या, एकच बदलू नये. बारीक निळसर ठिणग्या नेहमीच्या. पिवळ्या ठिणग्यांचं कडं मोटरीभोवती फिरताना दिसलं तर यंत्र लगेच बंद करावं. नवे कार्बन बसवल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं नळी न जोडता चालवावं, म्हणजे त्यांची तोंडं गोलाईत बसतात. जुने कार्बन माप म्हणून सोबत घेऊन गेलं तर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे जुळणारी जोडी बहुधा मिळते.

पावसाळ्यानंतर चालू करताच घरातला अर्थ लीकेजचा ब्रेकर पडला तर तो पुन्हा पुन्हा वर करू नये. मोटरीत ओल शिरली आहे. डोकं वेगळं करून दोन-तीन दिवस कोरड्या उन्हाळलेल्या खोलीत ठेवावं, मग पुन्हा बघावं. तरीही पडत असेल तर कारागिराकडेच न्यावं. यंत्राच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण नसेल तर त्याला अर्थिंग लागतंच. जांभ्यात पाणी थांबत नाही, एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा पार कोरडा पडतो आणि अर्थिंग असून नसल्यासारखं होतं. त्या दोन महिन्यांत खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घालावं.

दुरुस्तीचा हिशेब असा ठेवतो: फिल्टर, कार्बन, नळी, रबर, स्विच यांपैकी काहीही गेलं तर बदलून घ्यावं, खर्च परवडतो. मोटर जळली आणि नव्या मोटरीची किंमत नव्या यंत्राच्या निम्म्यावर जात असेल तर नवं यंत्र बघावं. जुन्याची नळी, तोंडं आणि टाकी मात्र फेकू नये, व्यास जुळला तर नव्यालाही लागतात.